टाकीचं कुलूप

आमच्या बंदरावर माणूस मेलं की दुसऱ्या दिवशी ते चांगलं होतं. जिवंतपणी ज्याच्या नावाने लोक थुंकले, त्याच्याच बाराव्याला त्याचे गुण जेवणाच्या पंगतीत वाढले जातात. काकी गेली तेव्हाही तेच झालं. "फणस होती रे फणस. भायर काटे, आत गरे," एक जण म्हणाला, आणि बाकीचे हो हो करून आमटी भुरकायला लागले.

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कोकणातल्या प्रत्येक तिरसट माणसाला हा फणस फुकटात मिळतो. आयुष्यभर दुसऱ्याला ओरबाडा, मेल्यावर तुमच्या आत गरे निघतात. मी काकीच्या होडीवर तांडेल म्हणून, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या म्हणून, उमेदीची वर्षं काढली. तिच्या आत काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही. बाहेर काय होतं ते मात्र मी रोज अंगावर घेतलं आहे.

काकी म्हणजे होडीची मालकीण. काटकुळी, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि वर नवऱ्याचा जुना शर्ट. मासळीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा टाकून त्यावर ती जेटीच्या तोंडाशी बसायची. ऊन असो, पाऊस असो, डोक्यावर उघडी छत्री. होडी बाहेर गेली की ती तिथे बसे आणि होडी येईपर्यंत तिथेच असे. देवाला जायची नाही, लग्नाला जायची नाही. एकदा पुण्याकडची दोन पर्यटक पोरं तिचा फोटो काढायला लागली. तिने छत्री मिटली आणि छत्रीच्या टोकाने त्यांच्या मोबाईलकडे बोट केलं. "मी काय देवूळ आसंय? का डॉल्फिन आसंय? जा, थयसर स्कूबावाले आसत, तेंचे काढ." पोरं हसली. ती हसली नाही. पोरं दिसेनाशी होईपर्यंत ती त्यांना शिव्या देत होती, आणि मग तिने तोच सूर आमच्याकडे वळवला, कारण आम्हीही हसलो होतो.

तिच्या या रागावर मी सुरुवातीला भाळलो होतो, हेही सांगायला हवं. नवरा आजाराने गेला तेव्हा तिच्यामागे मूलबाळ नव्हतं. दिराचे मुलगे होते. दिवसकार्य उरकायच्या आत ते होडी ताब्यात घ्यायला बंदरावर आले. बाईमाणूस होडी कशी चालवणार, असं त्यांचं म्हणणं. काकी उठली. घरी गेली, मासे कापायची कोयती घेऊन आली आणि ती मांडीवर ठेवून होडीत बसली. "येवा," म्हणाली. "कोण पयलो येता, तो येवा." दिवस मावळेपर्यंत ती तिथे बसून होती. कोणी पुढे झालं नाही. मी तेव्हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होतो. त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, काकी, तांडेल होया तर मी येतंय.

"दारू पितंस?"

"नाय."

"मगे खोटा बोलतंस. उद्यापासून ये."

पुतणे गप्प बसले नव्हते. होडी मिळाली नाही तर निदान डिझेल तरी. एका सकाळी काकी जेटीवर लवकर आली तर थोरला पुतण्या टाकीत रबरी नळी घालून, दुसरं टोक तोंडात धरून डिझेल ओढत होता. तिने त्याला तसाच पाण्यात ढकलला. इथपर्यंत तिचं बरोबर होतं. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की जगातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडात एक नळी असते आणि ती तिच्या टाकीत सोडलेली असते.

तिने टाकीच्या झाकणावर लोखंडी पट्टी बसवून घेतली आणि पट्टीला पितळी कुलूप लावलं. किल्ली कमरेला. डिझेल भरायचं असलं की ती स्वतः होडीत उतरे, आम्हा सगळ्यांना समुद्राकडे तोंड करून उभं करी, आणि मग कुलूप काढी. कॅनमधलं डिझेल आधी हुंगायची, बोटांवर चोळायची, जिभेला लावून थुंकायची. मग ओतायची. मग कुलूप. मग किल्ली ओढून बघायची. हे सगळं होईपर्यंत आम्ही मोठी माणसं, बायकामुलं असलेली, शाळेतल्या पोरांसारखी पाठ करून उभी.

आणि होडी परत आली की ती म्हणायची, "हात दाखव."

आम्ही एकेक जण जेटीवर चढून हात पुढे करायचो. ती हात हुंगायची. भर लिलावात, मासळीवाल्या बायकांसमोर, व्यापाऱ्यांसमोर. आता इंजिनाजवळ काम करणाऱ्या माणसाच्या हाताला डिझेलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? तिलाही ते कळत होतं. तरी ती हुंगायची, आणि मग डोळ्यांत बघायची. "डोळो मिटलो काय जग चोर," हे तिचं आवडतं वाक्य. मी तिला एकदा म्हटलं, काकी, हयसर कामाक माणसा टिकाची नाय. ती म्हणाली, "चोर नाय टिकाचे. माणसा टिकतली." खलाशी सारखे बदलत राहिले. टिकलो मी आणि माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो स्वभावाने असा की काकीने हात हुंगला की तो दुसराही पुढे करायचा आणि म्हणायचा, "ह्येका पण हुंग, ह्येना बांगडो खाल्लो." तिच्या तोंडावरची रेषसुद्धा हलायची नाही.

इंजिनाचं दुखणं सुरू झालं ते पाण्यापासून. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवली होती. हंगाम सुरू झाल्यावर इंजिन खोकायला लागलं. आम्ही मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे बंदरावरच्या मुसलमान मोहल्ल्यातले, बापाच्या वेळेपासून बोटींची इंजिनं बघणारे. त्यांचाही एक वेगळाच थाट. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे, बाह्या अगदी मोजून दुमडायचे, आणि काम झालं की साबणाने हात धुऊन कानामागे अत्तर लावायचे. स्वतःच्या हुशारीची त्यांना भारी घमेंड. पण माणूस सचोटीचा, हे बंदरावर कोणालाही विचारा. म्हणजे तेव्हा विचारलं असतं तर.

त्यांनी फिल्टरची वाटी उघडली तर खाली पाणी. "काकी, टाकीत पाणी गेलाहा. पाणी इंजिनाचो काळ. खंयसून जाता ता बघ, आणि जावक देव नको." फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, इंजिन सुरू झालं. मिस्त्री अत्तर लावून गेले.

काकीने ते शब्द मनावर घेतले. तिने घेतले ते तिच्या पद्धतीने घेतले. पाणी कुठून जातं ते आम्हाला विचारलं नाही, मिस्त्रीला विचारलं नाही. कोणीतरी मुद्दाम ओततो, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

त्यानंतर इंजिनाने नवंच नाटक सुरू केलं. जेटीवर सुरू केलं की छान चालायचं. बंदरातून बाहेर काढलं तरी छान. पण खडपं, म्हणजे बंदराबाहेरचे खडक, ओलांडून तासदोन तास आत गेलं की आवाज बसायला लागे, दमेकऱ्यासारखं धापा टाकी, आणि बंद. मग कितीही हँडल मारा, ढिम्म. थोडा वेळ तसंच सोडलं की पुन्हा लागायचं, पण थोडंच चालायचं. कसंबसं किनाऱ्याला आणायचं. आणि किनाऱ्याला काकी कुलूप काढून डिझेल भरायची, मिस्त्री काहीतरी बदलायचे, आणि इंजिन पुन्हा नव्यासारखं.

मिस्त्रींनी आधी नोझल काढून तपासले. मग टाकीपासून येणारी रबरी नळी बदलली. जुनी नळी आतून सुजते, बाहेरून कळत नाही, असं ते म्हणाले. मग फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप, तोही नवा घातला. प्रत्येक वेळी जेटीवर चाचणी घेतली की इंजिन ठणठणीत, आणि प्रत्येक वेळी समुद्रात गेलं की तोच दम. मिस्त्रींची घमेंड उतरायला लागली होती. ते मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "इंजिनात काय नाय. माका टाकी नीट बघूची आसा. झाकण हातात घेवन बघूचा आसा." मी काकीला सांगितलं.

"टाकी कित्याक? टाकीत डिझेल आसा. मी सवता भरतंय."

"मिस्त्री म्हणतत—"

"मिस्त्री म्हणतत! टाकीची किल्ली होयी तेका. आता समाजला माका."

दुसऱ्या दिवशी, लिलाव भरात असताना, मिस्त्री इंजिनाकडे जायला होडीत उतरत होते. काकी क्रेटवर उभी राहिली. उंच नव्हती, म्हणून क्रेटवर उभी राहिली. आणि पूर्ण जेटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नवो पंप म्हणान जुनो रंगवन घातल्यान! माझो नवो पंप घरात न्हेल्यान! चोर आसा ह्यो मिस्त्री, चोर! रांडमुंड बायल बघून लुटता!"

लिलाव थांबला. मिस्त्री एक पाय जेटीवर, एक पाय होडीत, असे उभे. बाह्या दुमडलेल्या. मी मोठ्याने म्हटलं, "काकी, गप ऱ्हव. पंप माझ्या समोर बसयलो. नवोच आसा." तिने बोट माझ्याकडे वळवलं. "तुझो किती वाटो आसा तेच्यात?"

मला वाईट वाटलं ते याचं नाही. ती तशीच होती. मी बघत होतो बाकीच्यांकडे. त्या जेटीवर अशी एक बोट नव्हती की जिचं इंजिन मिस्त्रींनी कधी उघडलं नसेल. कोणाचं मुलीच्या लग्नाच्या दिवशी, कोणाचं वादळात. आणि त्यातला थोरला पुतण्या, तोच, नळी तोंडात धरणारा, मान हलवून म्हणाला, "तरी माका वाटतच होता." दुसरा म्हणाला, "सामान बदलतत ते हे लोक." माना हलत गेल्या. मिस्त्रींनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या, मनगटाची बटणं लावली आणि पान्यांची पेटी उचलून चालते झाले. त्यांना कोणी हाक मारली नाही. पुढच्या आठवड्यापासून त्यांना आमच्या जेटीवर कोणी बोलावलंही नाही. ते कुणकेश्वरच्या बाजूला बोटींवर कामाला जायला लागले, एसटीने, या वयात.

मी तेव्हाच काकीची होडी सोडायला हवी होती असं मला बायको म्हणाली. मी म्हटलं, हंगाम अर्धा झालाय. हंगाम अर्धा असताना तांडेल होडी सोडत नाही.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, जाळं ओढून आम्ही परतीला लागलो होतो. मी, मेव्हणा आणि एक नवा खलाशी. वारा पश्चिमेकडून वाढला होता, समुद्र चढला होता. बंदराच्या अलीकडे खडपांची एक रांग आहे, भरतीला ती दिसत नाही, फक्त वर पांढरा फेस दिसतो. त्या फेसाच्या जवळून वळसा घालताना इंजिनाचा आवाज बसला. मला त्या आवाजाची इतकी चीड बसली होती की तो ऐकताच मी शिवी घातली. इंजिनाने दोन धापा टाकल्या आणि मेलं.

नांगर टाकला. तळ खडकाळ, नांगर अडकेचना, घसरत होता. होडी फेसाकडे सरकत होती. मी आत उतरलो. फिल्टरचा स्क्रू सैल केला, फीड पंपाची दांडी हाताने मारली. हवा नाही, डिझेलही नाही, दांडी नुसतीच खालीवर. मग टाकीकडून येणारी नळी सोडवली. टाकी वर, मी खाली. नळी सोडली की डिझेल धो धो यायला हवं. आलं नाही. उलट नळीने गुळगुळ करून हवा आत ओढली. मी नळीच्या तोंडावर बोट धरलं, तर बोट आत ओढलं गेलं.

तेव्हा मला कळलं. टाकीत डिझेल होतं, पण टाकीला श्वास नव्हता. डिझेल बाहेर जायचं तर तितकी हवा आत यायला हवी, आणि हवेची वाट कोणीतरी बंद केली होती. जेटीवर काकी कुलूप काढी, झाकण उघडी, टाकी श्वास घेई, आणि आम्ही सगळे म्हणायचो, पंप बदलला म्हणून इंजिन चाललं.

मी झाकणाकडे झेपावलो. पितळी कुलूप. किल्ली किनाऱ्यावर, काकीच्या कमरेला.

वर मेव्हणा ओरडला, "भावोजी, लागता! लागता!" तो आणि खलाशी बांबूने होडी खडकापासून ढकलत होते. मी जाड पाना घेतला आणि कुलपावर घालायला लागलो. त्या प्रत्येक घावात मी काकीचं नाव घेत होतो, आणि ते काही देवाचं नाव घेतात तसं नव्हतं. पट्टी वाकली, कुलूप तुटलं. झाकण फिरवलं तशी टाकी फस्सकन हवा आत ओढत राहिली, बुडता माणूस वर आल्यावर ओढतो तशी. त्याच क्षणी होडी खडकावर आदळली आणि मेव्हण्याची किंकाळी ऐकू आली. बांबू मोडला होता, आणि त्याने हाताने होडी लोटायचा प्रयत्न केला होता.

नळी जोडली, हवा काढली, हँडल मारलं. इंजिन लागलं. होडी खडपातून बाहेर काढली. एक फळी फुटली होती, खलाशी बादलीने पाणी काढत होता. मेव्हणा पंच्यात हात गुंडाळून बसला होता, आणि पंचा आधी लाल आणि मग काळा होत गेला. येताना मी वाटेत झाकण उलटं करून बघितलं. झाकणाच्या मध्ये एक बारीक भोक असतं, टाकीच्या श्वासासाठी. त्या भोकात कापूस ठासून वर डांबर भरलेलं होतं. आम्ही फळ्यांच्या फटी बुजवतो तसं, अगदी नीट, कसबी हाताने.

जेटीवर काकी उभी होती. मेव्हण्याला माणसांनी उचलून वर घेतलं, रिक्षा बोलावली. काकीची नजर होडीत गेली.

"कुलूप खंय आसा?"

मी ऐकलं, पण माझा विश्वास बसेना. ती पुन्हा म्हणाली, "कुलूप कित्याक फोडलंस?"

मी आयुष्यात कोणा बाईमाणसावर तसा ओरडलो नाही. "कुलूप दर्यात टाकलंय! तुझ्या कुलपान आज तीन माणसा मेली असती! तेचो हात बघ! बघ तेचो हात!" आणि मी ते झाकण तिच्या पायाशी आपटलं. "ह्या कोणी भरल्यान?"

तिने झाकण उचललं. नखाने डांबर खरवडलं.

"मी भरलंय," ती म्हणाली. "पाणी जाय होता. मिस्त्रीच म्हणालो, पाणी जावक देव नको."

"भोक बुजव म्हणालो तो?"

तिने नखाने आणखी डांबर काढलं.

"तेका चोर म्हटलंस. इतक्या लोकांत. आता बोल. आता चढ त्या क्रेटार आणि बोल."

ती झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी रिक्षात बसलो आणि त्या दिवसापासून तिच्या होडीवर पाय ठेवला नाही.

मेव्हण्याची दोन बोटं काढावी लागली. काकी ओरोसच्या सरकारी दवाखान्यात त्याला बघायला आली. डब्यात तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण. पलंगाजवळ उभी राहून त्याला म्हणाली, "लाकूड नि खडपाच्या मधी हात घालतत काय रे, मेल्या? इतकी अक्कल नाय तुका?" मेव्हणा हसला. त्याने डाव्या हाताने कालवण खाल्लं आणि वर म्हणाला, मीठ कमी आसा. तो तिला तिथल्या तिथे माफ करून मोकळा झाला. मी नाही झालो. मी वॉर्डाबाहेर जाऊन उभा राहिलो. नर्सने विचारलं, "आजी तुमच्या कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही."

काकीने झाकणातलं भोक मोकळं केलं, दुसरा तांडेल ठेवला, आणि इंजिन तेव्हापासून एकदाही थांबलं नाही. हात हुंगणं मात्र थांबलं. ते का थांबलं हे तिने कोणाला सांगितलं नाही. क्रेट तोच, छत्री तीच, शिव्या त्याच. मी तिच्यासमोरून जायचो, ती माझ्याकडे बघायची नाही, मीही नाही.

मग काही वर्षांनी एके सकाळी, लिलाव सुरू असताना, ती क्रेटवर चढली. आता तिचं वय झालं होतं, चढताना छत्रीचा आधार घेतला. आणि तोच आवाज. मिस्त्रींना ज्या आवाजात चोर म्हटलं होतं, तोच, तितकाच कर्कश.

"ऐका मेल्यांनो! मिस्त्री चोर नाय! पंप नवोच होतो! टाकीचा भोक मी बुजयलंय! मी चुकलंय! ऐकलास? ऐकाक नसात तर परत सांगतंय!"

आणि तिने खरंच परत सांगितलं. मिस्त्री तिथे नव्हते, ते तिकडे कुणकेश्वरला. लोक हसले. एका पोराने मोबाईलवर सगळं टिपलं आणि तो व्हिडिओ त्याच दिवशी गावभर फिरला, खाली हसऱ्या तोंडांची चित्रं लावून. म्हातारी खुळी झाली, असं लोक म्हणाले. मी तिथेच उभा होतो. मी हसलो नाही, पण जवळही गेलो नाही. ती क्रेटवरून उतरली, छत्री उघडली आणि बसली. मला वाटत होतं आता राग जाईल. गेला नाही. इतकी साधी गोष्ट सांगायला इतका उशीर, हे डोक्यात घुमत राहिलं.

काकी गेली ती घरातच, दुपारी, जेवून आडवी झाली ती. अंगणात माणसं जमली. पुतणे आले होते, होडीचे नवे मालक. थोरला फोनवर बोलत होता, हाराचं आणि लाकडांचं. मी कोपऱ्यावर उभा होतो तेव्हा मिस्त्री येताना दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. ते खूप थकले होते.

मी विचारलं, "मिस्त्री, माफ केलास काय तिका?"

"नाय," ते म्हणाले. "त्या दिवसानंतर माझ्या नातवाक शाळेत पोरा चोराचो नातू म्हणत. तां काय तिच्या ओरडण्यान पुसान जाता?"

"मगे इलास कित्याक?"

"तो व्हिडिओ माका दाखवलो कोणीतरी. लोक हसतत तो." एवढंच बोलून ते अंगणात गेले, लांबून तिच्याकडे बघत उभे राहिले, ओठ हलले.

थोरल्या पुतण्याने त्यांना पाहिलं. फोन खिशात टाकून तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "बरा झाला इलास, मिस्त्री. हे दिवस सरले काय एक दिवस येशात? ता इंजिन एकदा तुमच्या हातान बघून होया. तुमच्यासारखो मिस्त्री आता खंय मिळता."

मिस्त्रींनी त्याच्याकडे नीट बघितलं. आणि आवाज मुळीच खाली न आणता म्हणाले, "त्या दिवशी थयसर तू होतंस. ती चोर म्हणाली, तू मान हालयलंस. हे सगळे होते." त्यांनी अंगणावरून बोट फिरवलं. "तिना सगळ्यांसमोर मागे घेतल्यान. तू कधी घेतलंस?"

अंगणात कोणी खोकलं.

"जुना झाला ता, मिस्त्री," पुतण्या हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "आज ता कित्याक?"

"मगे आज घे. हयसर. सगळे आसत, तीही आसा. म्हण, मिस्त्री चोर नाय. इतकाच म्हण. उद्याच इंजिन बघतंय."

पुतण्याने इकडेतिकडे बघितलं. मी प्रत्येकाचं तोंड बघत होतो. ज्यांच्या बोटी या माणसाने वादळातून घरी आणल्या होत्या, ती तोंडं. कोणी पायाकडे बघत होता, कोणी तुळशीकडे. कोणी एक जण म्हणाला, चला, उचला, उशीर होता.

आणि त्यांनी तिला उचललं. मिस्त्री बाजूला सरले, वाट दिली. यात्रा वळणावर दिसेनाशी झाल्यावर ते बसस्टँडकडे चालू लागले. मी त्यांच्याबरोबर गेलो. एसटी येईपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, आणि मी इतका संतापलो होतो की अंगणातल्या एकेकाला काकीच्याच शिव्या घालत होतो.